पंच खेळायला बसले

घड्याळवाल्यांकडे माझं नीट लक्ष गेलं ते एका बक्षीस समारंभात. वाचनालयाच्या वरच्या खोलीत कॅरमचा अंतिम सामना नुकताच संपला होता आणि करंडक त्यांच्या धाकट्या मेहुण्याला मिळाला होता. सगळे टाळ्या वाजवत होते. तेही वाजवत होते, पण त्यांचे तळवे एकमेकांना लागत नव्हते.

अकरा वर्षं ते आमचे पंच होते. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकांशी झटणारा माणूस; स्ट्रायकर रेषेला किंचित कमी टेकला तरी त्यांना दिसायचा. ते ‘फाउल’ म्हणाले की विषय संपला. नियम एकच होता, पंचाने खेळायचं नाही. आणि दुखणंही तेच. मेहुण्याला कॅरम शिकवला होता त्यांनीच, लग्नानंतर, घरच्या बोर्डावर. आता मेहुण्याच्या घरी जागा नाही म्हणून त्याचे चार करंडक यांच्याच बैठकीत मांडलेले.

“हे स्वतः पुसतात हो ते,” त्यांची बायको कौतुकाने सांगायची.

“पुसतो कुठला, घासतो,” ते माझ्या कानात म्हणाले. “त्याचं नाव कधी जातंय ते बघतोय.”

पुढच्या स्पर्धेआधी वाचनालयाच्या सभेत त्यांनी हात वर केला. “मी खेळणार. माझ्या सामन्याला दुसरा पंच बसवा, बाकीचे मी बघतो.”

“म्हणजे कुंपणानेच शेत खायचं?” कुणीतरी म्हणालं.

“खेळू द्या हो दाजींना,” मेहुणा हसला. “एकदा हरले की ताईच्या घरात शांतता.”

दाजी हरले नाहीत. थेट अंतिम फेरीत पोचले. समोर कोण येणार, ते मेहुण्याच्या सामन्यावर ठरणार होतं आणि त्या सामन्याला पंच हेच. मेहुण्याची एकच सोंगटी उरली होती. त्याने मारली, गेली. खोलीत ओरडा झाला.

“फाउल. हात कोपऱ्याकडच्या बाणाच्या रेषेला लागला.”

अकरा वर्षांत कुणी उलट बोललं नव्हतं. मेहुणा उठून उभा राहिला. “हात लागला दाजी, की तुमच्या पोटात दुखलं?”

हशा पिकला. घड्याळवाले माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही बघितलंत ना?”

मी बघितलं नव्हतं. सोंगटी सगळेच बघतात. हात बघणारा एकटा पंच असतो. मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. निर्णय कायम राहिला, डाव उलटला आणि मेहुणा हरला. त्याच्याशी हात मिळवायला लोक रांग लावून गेले. पंचांशी कुणी बोललं नाही.

जिन्यात ते मला म्हणाले, “हात लागला होता, मास्तर. शपथेवर सांगतो. पण ‘फाउल’ म्हणताना मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.”

“मग आता?”

“आता एक काहीतरी सोडावं लागेल.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “खेळणं नाही सोडणार. त्याला एकदा तरी हरवल्याशिवाय नाही.”

अंतिम सामना ते हरले आणि त्याच आठवड्यात त्यांनी पंचाची खुर्ची सोडली. हल्ली ते दर रविवारी खेळायला येतात आणि बहुधा दुसऱ्या फेरीत हरतात.