इंदूआत्याचे तीन आठवडे

रोज सकाळी कामावर निघण्याआधी इंदूआत्या मला दारापाशी बोलवायची, माझा डावा डोळा आपल्या तळहातानं झाकायची आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्यासमोर धरायची. "किती?" मी मान तिरकी करून, कडेनं बघून सांगायची, "तीन." "आणि आता?" "एक." मग ती हात काढायची, पदर खोचायची आणि रामघाटाच्या गल्लीतून चौकाकडे झपाझप निघून जायची. शाळेत जायला लागेपर्यंत मला वाटायचं, सगळ्याच घरांत आत्या असं करतात.

माझा उजवा डोळा जन्मापासून अधू आहे. त्याच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डावा डोळा झाकून आत्याकडे पाहिलं की तिच्या कानांतल्या कुड्या दिसायच्या, खांद्यावरचा पदर दिसायचा, चेहरा तेवढा नसायचा. "आत्या, तू गेलीस!" असं मी ओरडायची. मला गंमत वाटायची. एरवी ती इतकी हसरी बाई, पण या खेळात ती एकदाही हसली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. विद्यापीठाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून माणसांच्या आणि जनावरांच्या विष्ठेत जंतांची अंडी शोधायची, हे तिचं काम. आणि अण्णा घरी वेद शिकवत! अशा घरातून अशा नोकरीला परवानगी मिळाली ती एका अटीवर. लॅबचं लॅबमध्ये. त्यातला एक शब्दही उंबऱ्याच्या आत येता कामा नये; आला तर नोकरी बंद. आत्यानं अट पाळली. संध्याकाळी आली की अंगणातल्या नळावर आंघोळ, बाहेरची साडी वेगळ्या खुंटीला, आणि मगच घरात पाऊल. पौषातल्या थंडीतही यात सूट नव्हती.

ती तिथे कुडकुडत उभी असताना मोहल्ल्यातली एखादी मांजर तिच्या पायांवरून उडी मारून सरळ स्वयंपाकघरात शिरायची. मांजराला विटाळ नाही, असं आमच्याकडे मानतात. घाटावर उंदीर मटकावून आलेली मांजर देवघरातल्या पाटावर बसली, तरी अण्णा तिला "चल, ऊठ" एवढंच म्हणत. एकदा आत्या नळावरून ओरडली होती, "दादा, पुढच्या जन्मी मी बिल्लीच होणार! सीधी आत तरी येता येईल!" अण्णाही हसले होते. ही गोष्ट आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची.

आत्याचं बोलणं असं कापल्यासारखं असे. आईनं भाजी पाहून "चांगली दिसतेय" म्हटलं की ही म्हणणार, "दिसतेय, एवढंच म्हण." कुणी मोहल्ल्यातली बातमी छातीठोकपणे सांगू लागलं की हिचा पहिला प्रश्न, "कशावरून?" आणि कशाचीच शाश्वती नसली की मान हलवून म्हणायची, "सांगता येत नाही. हाही रिपोर्टच असतो बरं! वाटेल ते लिहून कागद भरायचा नसतो." लॅबमधले डॉक्टरसुद्धा तिच्या या वाक्याला वचकून असत, असं ती स्वतःच अंगणात सांगायची, खरंखोटं तिलाच ठाऊक.

माझ्या जन्मानंतर वर्षभरानं तिनं एक अचाट गोष्ट केली. अण्णा रामनगरला एका अनुष्ठानाला गेले होते. आत्यानं अंगणातल्या वृंदावनातली सगळी माती उपसून पोत्यात भरली, दगडी कुंडावर उकळत्या पाण्याच्या चार बादल्या ओतल्या, नवी माती घालून नवी तुळस लावली आणि भोवती बारीक तारेची जाळी ठोकून घेतली. अण्णा परतले आणि पाहतच राहिले. "तुळशीला पिंजरा? इंदू, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" आत्या म्हणाली, "दादा, जाळी काढलीस तर मी तुळस काढीन." का, ते तिनं सांगितलं नाही. गल्लीत पुष्कळ दिवस हसणं चाललं. पण भावासमोर कधी आवाज न चढवणारी बहीण त्या दिवशी जाळीला पाठ लावून उभी राहिली, आणि जाळी राहिली.

मांजरांवर मात्र तिचा राग नव्हता. त्यांना ती घरापासून लांब, घाटाच्या पायऱ्यांवर शिजवलेला भात-दूध घालायची. पोरांना अनवाणी हिंडू द्यायची नाही; मांजरांच्या पोटातले जंत मातीत येतात आणि मातीतून पायांच्या कातडीत शिरतात, हे तिनं गल्लीतल्या प्रत्येक आईला ऐकवलं होतं. अर्थात उंबऱ्याबाहेर उभं राहून. कुणी म्हटलं, "हाकलून द्या ना मग त्यांना," तर म्हणायची, "त्यांचा काय गुन्हा? आपल्या पोटात काय आहे हे त्या बिचाऱ्यांना तरी कुठं ठाऊक?"

पण कुठूनही माती उकरल्याचा आवाज आला की ती बोलता बोलता थांबायची. मांजर नेटानं उकरते, तो खरखर असा आवाज. घास हातात राहायचा. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जायचं. आवाज थांबला की ती उरलेलं वाक्य पूर्ण करायची, पण ते कुणाला उद्देशून बोलत होती हे तिलाच आठवायचं नाही. त्या वेळी मला तिची भीती वाटायची.

याचा उलगडा मला फार उशिरा झाला. लग्न होऊन मी जबलपूरला गेले होते, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. आत्या तेव्हा निवृत्त झाली होती. मला दिवस गेल्याचं कळताच तिनं पत्र पाठवून माझं रक्त तपासून घ्यायला लावलं होतं, आणि "तुला धोका नाही, तुझ्या बाळालाही नाही," असं स्वतः रिपोर्ट वाचून सांगितलं होतं. एका दुपारी ती मला संकठा घाटापर्यंत हळूहळू चालवत घेऊन गेली. उन्हात बसलो. ती नदीकडे बघत म्हणाली, "तुझा डोळा कशानं गेला, तुला ठाऊक आहे?"

मग तिनं सगळं सांगितलं. मी आईच्या पोटात होते तेव्हा लॅबमधले एक डॉक्टर गल्ल्यांतल्या मांजरांची विष्ठा तपासत होते. नमुने आत्या गोळा करायची. एक नमुना तिनं आमच्याच वृंदावनातून उचलला. मऊ माती बघून मांजरं तिथंच येत. त्या नमुन्यात तिला बारीक गोल पेशी दिसल्या. मांजर ठणठणीत असते, पण तिच्या विष्ठेतून एक परोपजीवी असा बाहेर पडतो. मातीत दोन-चार दिवसांत तो पिकतो आणि पुढे महिनोन्महिने टिकतो. धडधाकट माणसाला त्यानं फार तर ताप येतो. पण पोटुशी बाईला तो पहिल्यांदाच झाला, तर बाळाच्या डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतो. हे तेव्हा शास्त्रज्ञांनाही नुकतंच कळू लागलं होतं.

आणि आमच्या घरात तेव्हा काय चाललं होतं? पहिलटकरीण म्हणून आई रोज सोवळ्यात तुळशीची सेवा करत होती. बोटांनी माती सैल करायची, पाणी घालायचं आणि त्याच हातानं पान खुडून तोंडात टाकायचं. तुळस काय धुवायची असते?

"डॉक्टर म्हणाले, पुन्हा बघू, पक्कं करू," आत्या म्हणाली. "पक्कं व्हायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे मी गप्प बसले. रोज सकाळी वहिनी माझ्यासमोर पान तोंडात घालत होती. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, मानेत गाठी आल्या. मग मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, पावित्र्याच्या जागी हा घाणेरडा विषय नको; या वेळी सोडतो, पुन्हा काढलास तर नोकरी बंद. पण वहिनीनं माझं ऐकलं, त्या दिवसापासून तुळशीला हात लावला नाही. तोवर झालं ते झालं."

"नुसतं हात धुवा म्हणायचं होतंस!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"म्हणायचं होतं. दादानं विचारलं असतं, कशावरून? मला विष्ठेचं नाव काढावं लागलं असतं. नोकरी गेली असती." तिनं उन्हासाठी पदर डोक्यावर ओढला. "नोकरी मला प्यारी होती गं. एवढंच कारण आहे, दुसरं नाही."

मग तिनं तो प्रश्न सांगितला, जो ती चोवीस वर्षं स्वतःशी घोळवत होती. पोटात शिरल्यापासून ताप येईपर्यंत कधी आठ दिवस लागतात, कधी वीस. आईच्या पोटात ते पान गेलं कधी? आत्याला नमुन्यात ते दिसण्याच्या आधी, की ती गप्प असताना? आधी गेलं असेल तर तिच्या बोलण्यानं काही वाचलं नसतं. नंतर गेलं असेल तर माझा डोळा तिनं घालवला. रोज सकाळची ती बोटं त्यासाठी होती. असा डाग कधीकधी कडेनं पुन्हा पेटतो, म्हणून. आणि काही दिवस, ती म्हणाली, फक्त स्वतःला आठवण राहावी म्हणून.

मी उठले आणि घरी आले. तिला मागे एकटीला टाकून आले. पुढचे दीड-दोन महिने मी तिच्याशी जेवणाखाण्यापलीकडे बोलले नाही. बाळाला घेऊन गाडीत बसले तेव्हा ती स्टेशनवर आली होती. बाळाच्या डोळ्यांकडे तिनं इतका वेळ पाहिलं की मी दुपटं ओढून घेतलं. ते आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

जबलपूरला मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "जन्माआधीचा डाग आहे. कितव्या महिन्यातला, ते आता कुणी सांगू शकणार नाही." घरी येता येता मी ठरवून टाकलं, आत्याला सांगायचं की डॉक्टरांना ते सांगता आलं.

वर्षभरात तिनं अंथरूण धरल्याचं पत्र आलं. मी गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. मी तिच्या उशाशी बसून, वाटेत घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, "आत्या, मी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, संसर्ग तुझ्या त्या तीन आठवड्यांच्या आधीच झाला होता. तुझ्याकडून काही झालं नाही."

ती वळली. क्षणभर तिच्या डोळ्यांत असं काही आलं, की मला वाटलं, जमलं! मग तिनं विचारलं, "कशावरून म्हणाले?"

"डागाच्या रंगावरून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझा हात हातात घेऊन थोपटत, लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली, "रंगावरून महिना कळत नाही, बाळ. खोटा रिपोर्ट देऊ नये."

त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. पाचव्या दिवशी गेली.

मणिकर्णिकेवरून पुरुष मंडळी परत आली, दारात पाय धुऊ लागली, आणि मला कळलं की माझ्याकडे तिला देण्यासारखं एक खरं वाक्य होतं. पान आधी गेलं असो की नंतर, माझा तिच्यावर राग उरला नव्हता. एवढंच सांगायचं होतं. त्यावर तिनं "कशावरून?" असं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, माझ्यावरून.