शिंप्याचे चार वाचक

छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर काय करमणार? तिथे त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. घरी सून बाबा म्हणे, आणि ते सकाळपासून संगणकापुढे बसलेले दिसले की शेजारणीला सांगे, आमच्या बाबांना नवी नोकरी लागली, फक्त पगार नाही. नोकरी म्हणजे ब्लॉग वाचणं आणि खाली प्रतिक्रिया लिहिणं. 'छान', 'मस्त', 'लिहीत राहा' असल्या प्रतिक्रियांचा बाबांना मनस्वी राग होता. जेवून ढेकर दिल्यासारखं काय लिहायचं? ते लेख दोनदा वाचत, कागदावर मुद्दे काढत आणि मगच लिहायला घेत.

त्यांचा जीव जडला होता एका शिंप्याच्या ब्लॉगवर. शिंपी गिऱ्हाइकांबद्दल लिही. बायको गेल्यावर एका गृहस्थांचा उजवा खांदा कसा उतरला, आणि त्यांना कळू न देता यानं कोटाच्या त्या खांद्यात कापूस कसा वाढवला, असलं काहीबाही. काहीबाही कसलं, सोनं होतं ते. पण वाचतो कोण? एके दिवशी शिंप्यानं लिहिलं की खाली प्रतिक्रिया येते ती एकाच माणसाची, एकासाठी किती दिवस खरडायचं, महिनाअखेर हे बंद करतो. तो एक म्हणजे बाबाच. त्यांना लागलं, नाही असं नाही. पण शिंप्याचं लिहिणं थांबू नये, म्हणून त्यांनी खोट्या नावांनी आणखी तीन माणसं जन्माला घातली.

एक निवृत्त परिचारिका, ती प्रश्न विचारी. एक चिडका कारकून, त्याला प्रत्येक लेखात खोट दिसे. आणि एक आत्या, पडल्यापासून तिचा डावा हात वर जात नसे. हात खरं तर बाबांचाच, आत्याला उसना दिलेला. शिंप्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवड्याला दोन लेख येऊ लागले. कारकुनाशी तो तावातावानं भांडे, आत्याची विचारपूस करी. बाबांना उत्तर असे, 'आभारी आहे.' बाबा म्हणत, असू दे, लिहितोय ना.

दीड वर्षानं शिंप्यानं चौघांना रविवारी सकाळी दुकानात बोलावलं. कुणीच गेलं नाही तर तो खचेल, म्हणून बाबा गेले. कापायचं टेबल आवरलेलं होतं, चार स्टुलं मांडलेली होती. साडेअकरा वाजले. रस्त्यावर पावलं वाजली की शिंपी उठून दाराशी जाई. शेवटी त्यानं कपाटातून एक जाकीट काढलं. राखाडी, लोकरीचं, पुढून बटणांचं, डावी बाही काखेत सैल.

"आत्यांसाठी. मापं नव्हती, त्यांच्या लिहिण्यावरूनच अंदाज घेतला. पत्ता माहीत आहे का तुम्हाला?"

गप्प बसता आलं असतं. पण ते जाकीट बघून बाबांना ते जमेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

शिंपी रागावला असता तर परवडलं असतं. तो जाकिटाची बटणं एकेक करून लावत बसला.

"कारकूनसुद्धा?"

"कारकूनसुद्धा."

"त्याला उत्तर द्यायला मी पहाटे उठायचो."

बाबांनी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. राग माझ्यावर काढा, लिहिणं सोडू नका, खरे वाचक आज ना उद्या येतील, असं ते परोपरीनं सांगत राहिले.

"येतीलही," शिंपी म्हणाला. "पण आता खाली दहा जणांनी लिहिलं, तरी मला तुम्हीच दिसणार."

मग सुट्टी असूनही तो मशीनवर बसला. बाबा निघाले.

पुढचा रविवार उजाडला तरी नवा लेख आला नव्हता. जुने होते. त्यांच्या खालच्या प्रतिक्रिया मात्र त्यानं सगळ्या पुसल्या होत्या. बाबांनी स्वतःच्या नावानं लिहिलेल्यासुद्धा.