चौकातला चापट टायर

मी हे लिहिणारच नव्हती. टाईप केलं, खोडलं, पुन्हा टाईप केलं, पुन्हा खोडलं. लिहाले बसली का जळक्या रबराचा वास नाकात येते. पण काल बस स्टँडवर घनश्यामभाऊच्या सत्काराचं बॅनर पाह्यलं, हात जोडलेला फोटो, ‘शेतकऱ्यायचा कैवारी’. शी! म्हटलं आता लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही. तर ऐका, ही गोष्ट इंदूबाईची आहे.

बाभुळगावात यवतमाळ रोडवर पंक्चरची टपरी होती ना, तिथली इंदूबाई. टपरी तिच्या नवऱ्याची, मारोतीची. ट्रकचं चाक कमरेवर पडलं तवापासून मारोती खाटेवरून निस्ते सल्ले देते, आन् टायर उचकटायची लोखंडी टॉमी इंदूबाईच्या हातात आली. बाईमाणूस चाक खोलते म्हणून लोकं आधी खूप हासले. मंग त्यायच्याच गाड्या पंक्चर झाल्या तवा गपगार येऊन उभे राह्यले.

जागा मात्र घनश्यामभाऊची. त्यायच्या गोडाऊनच्या भिंतीले टेकून टपरी, निव्वळ शब्दावर. आन् घनश्यामभाऊ म्हणजे आमचे कापसाचे पुढारी. चुरगळलेला सदरा, खटारा मोटरसायकल, आन् दरवर्षी खरेदी सुरू झाली का भावासाठी रस्ता रोको. माईकवर एकच ठरलेलं, “मी तुमच्यातलाच आहो! माह्याही घरी कापूस पडून आहे!” लोकं टाळ्या वाजवत. आपणही वाजवल्या आहेत, खोटं कायले बोलू.

रस्ता रोकोले जाळायचे टायर इंदूबाईचे. फुकट देत होती, मनापासून. आपल्या सख्ख्या भावाच्या वावरात कापूस वेचाले स्वतः जात होती ना ती, बोटं फाटतात कशी ते तिले माहीत. पण तो धूर तिले सहनच होत नव्हता. टायर पेटले का टपरीमागं जाऊन ओकायची, तोंड धुवायची, आन् पुन्हा येऊन घोषणा द्यायची.

यंदाच्या रस्ता रोकोच्या थोडं आधी भाऊनं तिले गोडाऊनात बोलावलं. आत कापसाची थप्पी. थप्पीमागं ताडपत्री. भाऊनं ताडपत्री ओढली तर खाली लाल गाडी! दोनच दारं, पोट जमिनीले टेकल्यासारखं. अशी गाडी इंदूबाईनं टीव्हीतच पाह्यली होती. भाऊचा पोरगा रजत पुण्याहून घेऊन आला होता.

“खड्ड्यात आपटली, काकू. टायरले फुगा आला,” रजत म्हणे. “चारही बदलायचे आहेत. मले असे पाह्यजेत.” आन् मोबाईलवर फोटो दाखवला. रुंदच्या रुंद टायर, वरतून जवळजवळ गुळगुळीत.

“हे तर घासलेलेच दिसून राह्यले, बाबू.”

“रेसचे आहेत ते! काय मस्त पकडतात रस्त्याले!”

“पावसात?”

“पावसात कोन काढते गाडी!”

“आन् चिखलात? ट्रॅक्टरची चाकं वावरातली काळी माती रोडवर आनून टाकतात, बैलबंड्या चालतात कापसाच्या. तू घसरशीन तं घसर, बंडीवाल्याले कायले घेऊन जातं?”

खरं सांगू का, अशा टायराचं तिलेही काही समजत नव्हतं. गाडीच्या दारात आतून स्टिकर होतं, त्याच्यावरचा टायरचा आकडा तिनं तळहातावर उतरवला आन् यवतमाळच्या सेवादासले फोन लावला. टायरवाला सेवादास, जुन्या ओळखीचा. तो म्हणे, दारात जो आकडा आहे तोच घ्या, रुंदीच्या नादी लागू नका. चारही एकाच जातीचे घ्या, पाणी फेकणाऱ्या खोल रेघांचे. आन् टायरवर बनल्याची तारीख असते ते पाहा, दुकानात पडून पडून रबर कडक झालेला नको. एवढं सांगून तो हासला, “पन इंदूबाई, बाभुळगावात अशी गाडी कोनाची व?”

भाऊ समोरच उभे. त्यायनं बोट ओठावर ठेवलं. मंग तेच बोट भिंतीकडे केलं, जिकडून टपरी टेकली होती तिकडे.

“रस्त्यानं जानाऱ्याची आहे,” इंदूबाई म्हणाली. फोन ठेवला आन् बाजूले थुंकली.

सेवादासनं सांगतले तेच टायर आले. साबणाचं पाणी लावून, रिंगीले ओरखडा पडू नये म्हणून आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं लावून तिनं एकेक चढवला. एक उलटा चढला, टायर कोणीकडे फिरावा ते दाखवणारा बाजूवरचा बाण मागं. रजत खिदळला, “काकू, ट्रॉली समजली काय?” तिनं मुकाट्यानं काढला, पुन्हा चढवला. अख्खी दुपार गेली, कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. वरतून भाऊ म्हणे, “जुने चारही रस्ता रोकोत जाळून टाक, निशानी नको. आन् तोंड उघडलं तं टपरी उचल.”

घरी आली तं जेवली नाही.

“वास येते,” म्हणे.

मारोती म्हणे, “टायर तं अजून जळलाच नाही.”

“तरी येते.”

रस्ता रोकोच्या दिवशी चौक गच्च भरला. भाऊ ट्रॉलीवर, हातात माईक. पोट्ट्यायनं टायराचा ढीग लावला, ट्रकचा, जीपचा, ट्रॅक्टरचा, आन् मंग हे चार. कापूस वेचाले जाणारी तांड्यावरची मानीबाई, तोंडाची मोठी फटकळ, तिनं त्यातला एक पायानं लोटून पाह्यला.

“हे काय व बाई? पोळीवानी चापट! बंडीले बसत नाही, ऑटोले बसत नाही. कोन्या जनावराचा खूर आहे हा?”

लोकं हासले. कोणीतरी वरडलं, “इंदूबाई, तुह्याच टपरीतला ना? कोनाचा आहे?”

भाऊचा माईक मधातच थांबला. नजर सरळ इंदूबाईवर. तिले टपरी दिसली, खाटेवरचा मारोती दिसला. धूर नव्हता तरी नाकात वास आला.

“रस्त्यानं जा...” एवढंच निघालं आन् खरोखर ओकारी आली. भर चौकात. पदरानं तोंड पुसलं आन् म्हणाली, “भाऊच्या लाल गाडीचा आहे. गोडाऊनात उभी आहे, कापसामागं. नवीन मीच चढवले.”

लोकं ट्रॉलीकडे वळले. मंग मानीबाईच म्हणाली, “घरी कापूस पडून आहे म्हनत होते ना भाऊ? गाडी झाकाले ठेवला व तो!”

“पोराच्या दोस्ताची गाडी आहे!” भाऊ वरडले. “पेटवा रे, पेटवा!” घाईघाईनं रॉकेल पडलं. इंदूबाईनं हात घालून एक चापट टायर ओढला आन् धुरातून गडगडत घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊच्या ट्रॅक्टरनं टपरी उचलून नालीत टाकली. आन् टाळ्यावाल्यायनं काय केलं? थोडे दिवस हासले, चहावर चघळलं, मंग वर्गणी करून बॅनर छापलं. आता रजत त्याच रोडवरून गाडी नेते, घसरत नाही, कारण टायर इंदूबाईनं निवडले आहेत. किळस येते मले. त्या गाडीची नाही, आपली.

ती आता नाल्याच्या पुलापाशी निंबाखाली बसते. टॉमी, पाण्याचं घमेलं, बाजूले मारोतीची खाट. पाटी नाही, फांदीले तो चापट टायर टांगला आहे. पण भाऊचे पोट्टे तिथूनही उठ म्हणून सांगून गेले, म्हणून म्हणते लवकर जा. याच हप्त्यात जा. पंक्चर नसली तरी हवा भरून घ्या, घडीभर तिच्यापाशी बसा, आन् वरडून कोणी विचारलं का तो टायर कोणाचा, तं यावेळी तिच्याआधी तुम्ही सांगा.