भावोजींचा अभ्यास

आमचे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. म्हणजे माणूस आत अडकला की दार उघडणारे तेच आणि बाहेर आलेल्या माणसाच्या शिव्या खाणारेही तेच. मी त्यांचा मेहुणा, तेव्हा त्यांची टिंगल करायचा हक्क मला ताईच्या लग्नापासूनच मिळालेला आहे. भावोजींचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: बिघाड आहे म्हणजे त्याला जागा आहे. पंख्यापासून सरकारपर्यंत सगळ्याला ते हेच लावायचे.

मग त्यांचा मुलगा जिना चढताना पडायला लागला. माझा एकुलता एक भाचा, तोपर्यंत घरभर धुडगूस घालणारा. आधी त्याचा जिना सुटला, मग हातातली पेन्सिल, मग एकेक शब्द. डॉक्टर म्हणायचे, आजाराचं नाव कळल्याशिवाय औषध कसलं देणार? म्हणून मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या रक्तातली जनुकं तपासली. अहवाल आला: काही सापडलं नाही.

भावोजी कसले गप्प बसतात! खेटे घालून घालून त्यांनी त्या तपासणीची सगळी कच्ची माहिती एका डिस्कवर मागून आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

"जागा आहे," ते म्हणाले. "त्यांना दिसली नाही, एवढंच. मी शोधतो."

"भावोजी, शाळेत तुम्ही जीवशास्त्रात काठावर पास झाला होतात."

"मग आता नीट करतो."

मला वाटलं, आठवडाभरात भूत उतरेल. पण जनुकांची माहिती कॉम्प्युटरवर वाचायची ही विद्या शिकवणारे फुकटचे कोर्स जगात इतके आहेत, की बुडायचंच ठरवलं तर तळ लागत नाही. कुठले कुठले प्राध्यापक जुन्या लॅपटॉपवर बोलत असायचे आणि भावोजी भाजी चिरता चिरता ऐकायचे. गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये, ग्रीसच्या डब्यावर बसून ते धडे सोडवायचे. सुरुवातीला कुठला शब्द जीवशास्त्राचा आणि कुठला कॉम्प्युटरचा हेही त्यांना उमजत नव्हतं. सरावासाठी दिलेली माहिती कशी गुळगुळीत असते, सांगितलं तसं केलं की उत्तर हजर. घरची डिस्क लावली की सगळं अडायचं. नाकी नऊ आले, पण माणूस हटला नाही.

प्रत्यक्ष शिकवणाऱ्या कार्यशाळाही होत्या. तिथल्या प्रत्येक अर्जात संस्थेचं नाव आणि संस्थेचा ई-मेल मागायचे. भावोजींनी लिफ्ट कंपनीचा दिला. नकार आला, एकामागून एक. एकदा ते माझ्यावरच उखडले. "मी बाप आहे, हे कुठल्या रकान्यात लिहू, सांग ना!"

इकडे पोराला गिळता येईना. ताई पातळ करून, चमच्याचमच्याने भरवायची. एक घोट उतरला की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या घोटाला पुन्हा टांगणीला. एके दिवशी तिने लॅपटॉप धाडकन मिटला.

"तो इथे आहे," ती ओरडली. "त्या डबड्यात नाही. जरा त्याच्याजवळ बसा!"

भावोजी बसले. त्याचे पाय चेपत राहिले. ती आंघोळीला गेल्यावर त्यांनी लॅपटॉप हळूच पुन्हा उघडला. मला त्यांचा इतका राग आला, की मी निघूनच गेलो.

आणि मग त्यांना सापडलं! एक जनुक, त्याच्या दोन्ही प्रती मोडलेल्या. त्या आजाराला नाव होतं आणि औषधही होतं. भावोजींनी ताईला चक्क उचललं, पोराचे मुके घेतले, मोठमोठ्याने हसले. मीही रडलो, लपवत नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मात्र नकारार्थी मान हलवली. याची लक्षणं त्या आजाराची नाहीत, म्हणाले. कुणा जाणकाराकडून आधी खात्री करून घ्या. भावोजींच्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी एका कार्यशाळेने, आपापली माहिती घेऊन या, असं म्हणत त्यांना जागा दिली. मीही सोबत जाऊन मागे बसलो. शिकवणारी मुलगी वयाने त्यांच्या निम्मीच असेल. तिने त्यांचं काम शांतपणे, शेवटपर्यंत पाहिलं.

"काका, तुम्ही सगळं बरोबर केलंय. फक्त सुरुवातीची तपासणी दिसत नाही. नमुना मुलाचा की मुलीचा, ती."

"तो धडा सोडला मी," भावोजी हसले. "माझाच मुलगा आहे. मला माहीत नाही होय?"

तिने ती तपासणी चालवली. वाय गुणसूत्र फक्त मुलग्यांत असतं. पडद्यावर त्याची जागा रिकामी होती. तिने पुन्हा चालवली. मग खुर्ची त्यांच्याकडे वळवून हळूच म्हणाली, "काका, हे रक्त मुलीचं आहे."

इतके महिने भावोजी कुणा परक्याच्या लेकीला वाचत होते.

हॉस्पिटलात मी आरडाओरडा केला. चौकशी झाली. एकाच दिवशी घेतलेल्या रक्ताच्या दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. प्रत्येकाच्या माहितीत दुसऱ्याच्याच लक्षणांचा आजार शोधला होता, मग सापडणार काय? हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी माफी मागितली आणि आमच्या पोराची खरी डिस्क पुढे सरकवली.

"आणि ती मुलगी?" भावोजींनी विचारलं. "तिच्या आईबापांना सांगा. तिला औषध आहे. मला सापडलंय."

साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, "ती गेली. मागच्या वर्षीच."

बाहेर आल्यावर भावोजी पायऱ्यांवर बसले. डिस्क मुठीत होती.

"सापडलं तेव्हा मी हसलो होतो रे," ते म्हणाले. "ती पोर तेव्हा जगात नव्हती आणि मी हसत होतो."

एवढ्यात ताईचा फोन आला. त्यांनी नुसताच कानाला लावला; तिचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता.

"मिळाली का डिस्क? मग लवकर या. आज साधं पाणीसुद्धा उतरत नाहीये त्याच्या घशाखाली."

"आलोच," भावोजी म्हणाले, आणि उठेनात. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं.