उघड आहे म्हणे आमचा लेप!

हे सगळं मला नीट आठवतंय की नाही, याची खात्री नाही. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, पण साठले ते पेटंटच्या अपिलाचे किस्से. आणि तेही दर वेळी सांगताना थोडे बदलतात. निदान बापूचा तसा आरोप आहे.

बापू म्हणजे माझा फाउंड्रीवाला मित्र. ओतकामात राहिलेली बारीक भोकं बुजवायला आम्ही दोघांनी एक लेप केला. निळा दिवा दाखवला की मिनिटात दगड! खुबी अशी, की तेलकट लोखंडावरही तो धरायचा. पेटंट ऑफिसनं अर्ज फेटाळला. घटक सगळे माहितीतलेच, ते एकत्र करणं ऑब्व्हियस आहे म्हणे! आम्ही अपील केलं. ते हरलो असतो, तर आमचा लेप कुणीही विकला असता.

मी बापूला मराठीत समजावलं, "ते म्हणतात, हे उघड आहे."

"उघडं?" बापू भडकला. "काळ्या डब्यात झाकण घट्ट लावून ठिवलंय की! उघडं आसतं तर दगड झाला नसता व्हय?"

*

आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो. त्या विषयातलं सगळं वाचलेला, पण कल्पनाशक्ती अजिबात नसलेला. त्याला हे सुचलं असतं का, ते कोर्ट बघतं."

"काल्पनिक कशाला?" बापूनं माझ्याकडं बोट केलं. "हे काय, आमचं सर बसल्यात की!"

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी चिडेल.

ती म्हणाली, "पण बाईंनी इतक्या लवकर ओळखलं कसं?"

*

कोल्हापुरात कुठलंही काम सांगा, आधी "त्यात काय हाय!" ऐकू येतं. आमच्या केसला हे वाक्य म्हणजे विष. वकीलबाईंनी बापूची तालीम घेतली.

"लेप करणं सोपं होतं?"

"न्हाय! लई अवघड!"

"कोर्टात विचारलं, तर एवढंच सांगायचं. जमेल ना?"

"त्यात काय हाय!"

*

शेवटी मुंबईला सुनावणी. न्यायाधीशांनी लेप बघायला मागितला. बापूनं तेलकट लोखंडाच्या तुकड्यावर तो लावला, अंगठ्यानं दाबला, दिवा दाखवला. अंगठा निघेना!

न्यायाधीश पुढं झुकले. "तेलावरही इतकं घट्ट? हे अपेक्षित होतं?"

"न्हाय वो साहेब! आमालाबी वाटलं न्हवतं!"

वकीलबाईंनी तेवढंच धरलं. करणाऱ्यालाच जे अपेक्षित नाही, ते ऑब्व्हियस कसं? अपील मंजूर!

हा किस्सा मी कित्येक वर्षं योगायोग म्हणून सांगत होतो. परवा बापूकडं जेवायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कसला योगायोग, भावजी! मुंबईला जायच्या आधी आठवडाभर घरात त्येच चाललं हुतं."

मला पटेना. त्यांनी माळ्यावरची जुनी, तेलकट लोखंडी कढई काढून दाखवली. आतून ओळीनं लेपाचे ठिपके. प्रत्येकात बापूच्या अंगठ्याचा ठसा.