चौथ्या तासाची दोन कार्डे

दक्षता हा मोठा अबोल गुण आहे. शौर्याला रणांगण लागते, औदार्याला याचक लागतो. दक्षतेला एक खुर्ची आणि समोर पडलेले काम एवढे पुरते. तिची कोणी आरती ओवाळत नाही, आणि तिलाही त्याची अपेक्षा नसते. परंतु या गुणाच्या पोटात एक वैगुण्य दडलेले असते. सर्वांचे सर्व काही जुळवून आणण्याच्या ध्यासात, ज्याच्यासाठी जुळवायचे त्यालाच विचारायचे राहून जाते. अर्डिस लिंडक्विस्ट यांना हे कळले, तेव्हा त्यांच्या नोकरीचे शेवटचे वर्ष चालू होते.

मिनेसोटाच्या उत्तरेकडील एका लोहखाणीच्या गावात त्यांनी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेतील मुलांना विषयनिवडीचे मार्गदर्शन केले. दर मार्चमध्ये आठवीची मुले पुढील चार वर्षांचे निवडपत्र पेन्सिलीने भरून, घरच्यांची सही घेऊन त्यांच्यापुढे ठेवीत. मग उन्हाळाभर बाई आपल्या खोलीतील भिंतीवरच्या फळीसमोर उभ्या असत. फळीवर सात तासांचे सात रकाने, रकान्यांत खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एकेका वर्गाचे कार्ड. इंग्रजीची कार्डे पुष्कळ असत, त्यामुळे ती कुठेही बसत. खरा प्रश्न असे तो ज्या विषयाचा शाळेत एकच वर्ग, त्याच्या एकुलत्या कार्डांचा. तशी दोन कार्डे एकाच तासाला आली, की कुणा ना कुणा मुलाला एकावर पाणी सोडावे लागे.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये नववीचे बीजगणित आणि शाळेचा बँड, दोन्ही चौथ्या तासाला आले. दोन्ही मागणारी मुले तीनच होती. त्यांतल्या दोघांना बँडमास्तर आर्वो पावोला यांनी आनंदाने सोडून दिले. तिसरी होती तेरेसा झुपान, खाणीत सुरुंगाची भोके पाडणाऱ्या झुपानची मुलगी. निवडपत्रावर 'पुढे काय व्हायचे आहे' या प्रश्नापुढे तिने लिहिले होते, 'खाणींचे नकाशे आखणारी इंजिनिअर.' ते वाचून बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी ते दोनदा वाचले होते.

पावोला दार न वाजवताच आत आले.

"अर्डिस, तू माझ्या जिवावर उठलीयस का? झुपानची पोर गेली तर माझ्याकडे क्लॅरिनेट कुणाचं उरतं? त्या बेंगस्टनच्या पोराचं? तो फुंकायला लागला की तळ्यावरची बदकं उडून जातात!"

"आर्वो, तिनं बीजगणित मागितलंय."

"मग घेईल की पुढच्या वर्षी! बीजगणित कुठं पळून चाललंय? फेब्रुवारीत राज्याची स्पर्धा आहे, ती काही थांबायची नाही आपल्यासाठी."

झुपानांचे घर दोन गल्ल्यांपलीकडे होते. एक फोन केला असता तरी पुरे होते. पण बाईंनी फळीकडे पाहिले, मनात हिशेब मांडला, आणि तेरेसाच्या नावापुढे सामान्य गणित लिहिले. अकरावीत दोन गणिते एकदम घेऊन ती मागे राहिलेले वर्ष भरून काढील, असे त्यांनी समासात पेन्सिलीने टिपून ठेवले. मुलीला बँडही मिळाला, गणितही मिळेल, या समाधानात त्या घरी गेल्या.

सप्टेंबरात तेरेसा वेळापत्रक घेऊन आली. "बाई, यात बीजगणित नाहीये."

"पुढच्या वर्षी गं. या वेळी बँडशी टक्कर होत होती."

"ठीक आहे, बाई," ती म्हणाली. त्या गावातील 'ठीक आहे' ला तळ नसे. आनंदाला तेच, अपघाताला तेच. बाई त्याच मातीतल्या. तरी त्यांनी ते वरवरच ऐकले.

दहावीत तिला बीजगणित मिळाले; अकरावीत मात्र भूमिती आणि पुढचे बीजगणित दोन्ही दुसऱ्या तासाला आले. बाईंनी तीन दिवस कार्डे हलवून पाहिली. एक सोडवावे तर दुसरीकडे वीस मुलांचे वेळापत्रक कोसळे. बीजगणित, भूमिती, पुढचे बीजगणित आणि त्रिकोणमिती या चार पायऱ्यांपैकी शेवटची तेरेसाच्या वाट्याला आलीच नाही, आणि त्रिकोणमितीशिवाय भौतिकशास्त्राचे शिक्षक कुणाला वर्गात घेत नसत. बारावीच्या ऑक्टोबरात विद्यापीठाचा अर्ज आला. अभियांत्रिकीला त्रिकोणमितीपर्यंतचे चार वर्षांचे गणित हवे होते. बाईंनी सविस्तर पत्र लिहिले; उणे राहिलेले विषय पुरे करून पुन्हा अर्ज करावा, असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. त्याच वसंतात जिल्ह्याच्या रस्ते कार्यालयात नकाशे गिरवण्याची जागा निघाली. झुपानांच्या घरात हातची नोकरी सोडून एक वर्ष शिकत बसणे कुणाला सुचणेही शक्य नव्हते. तेरेसा जूनमध्ये कामावर रुजू झाली.

त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे बाईंना ती दुकानात, चर्चमध्ये, बर्फ उपसताना दिसत राहिली. दर वेळी हवापाण्याचे बोलणे होई आणि मनातले मनात राही. १९८९ च्या मार्चमध्ये मात्र ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली. तिच्या आठवीतल्या मुलीचे, एमीचे, निवडपत्र भरायचे होते.

बाईंनी पेन खाली ठेवले. "तेरेसा, तुझं नववीचं बीजगणित माझ्यामुळे हुकलं. पावोलांनी हट्ट धरला आणि मी तुझं नाव हलवलं."

"मला ठाऊक आहे, बाई. सरांनीच सांगितलं होतं सगळ्या बँडसमोर. 'हिला मी गणिताच्या जबड्यातून ओढून आणलीय' म्हणाले. सगळे हसले. मीपण हसले."

"मग मला का नाही बोललीस?"

"चौदा वर्षांची होते हो." तेरेसाने निवडपत्राची घडी सरळ केली. "मला वाटलं, तुम्ही ठरवलंय म्हणजे माझं गणित तेवढं चांगलं नसणार. पुढं विद्यापीठानं पुन्हा अर्ज करा म्हटलं, तेव्हाही तेच वाटलं."

"आठवीच्या परीक्षेत गणितात तुझे गुण सगळ्यांत जास्त होते," बाई म्हणाल्या. "सगळ्या शाळेत."

"हे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं," तेरेसा म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना ते सोसायला सोपे गेले असते. मग तिने पेन्सिल उचलली. "एमीचं बीजगणित कितव्या तासाला ठेवताय?"

मे महिन्यात बाई शाळाप्रमुखांच्या दारात उभ्या राहिल्या. शेवटच्या वर्षी त्यांना एकच गोष्ट हवी होती.

"बँड सकाळी सातला? अहो बाई, जानेवारीत बाहेर उणे तीस असतं!"

"मग टोप्या घालून वाजवतील."

"पोरं शिव्या देतील तुम्हाला."

"देऊ देत. ज्यांना सात वाजता यायचं नाही, ती तसं सांगतील तरी. निदान त्यांना कुणीतरी विचारलेलं असेल."

तसे झाले. अर्डिस लिंडक्विस्ट सात वर्षांनी वारल्या. तेरेसा निवृत्त होईपर्यंत इतरांनी आखलेले रस्ते गिरवीत राहिली. त्या शाळेचा बँड आजही पहिल्या तासाच्या आधी, सकाळी सात वाजता वाजतो, आणि चौथ्या तासाला बीजगणिताचा वर्ग भरतो.