अय्यनारला वाहिलेला घोडा

क्षमा असावी; माझी मराठी घरात ऐकलेली, लिहायची सवय नाही.

मद्रासच्या शर्यतींत सतत जिंकणाऱ्या घोड्याचा फोटो तंजावुरात आमच्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात होता. तो पाय मोडून पडला, तेव्हा वडील अय्यनार देवाला मातीच्या घोड्याचा नवस बोलले. कॉलेजात जाणारा मी एकटाच, म्हणून सगळ्यांच्या वतीने मालकाला इंग्रजीत पत्र लिहिले. घोडा बरा होत आहे, असे उत्तर आले. मी ते चहाच्या दुकानात मोठ्याने वाचले.

“शिकलास ते कामी आले की रे!” म्हणत वडिलांनी नवस फेडला.

काही महिन्यांनी मद्रासच्या तबेल्यात काम करणारे मामा आले. देवळापुढचा मातीचा घोडा पाहून आणि नवसाचे ऐकून ते म्हणाले, “अरे, पडला त्याच संध्याकाळी त्याला गोळी घातली.”